मुठीच्या मापाचं रिव्हॉल्व्हर

जर्मनीत माझ्या मापाचं काही मिळत नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. बुटांच्या दुकानात मला मुलांच्या विभागात धाडण्यात आलं आणि तिथून मी गुलाबी फुलपाखरं चिकटवलेले हिवाळी बूट घेऊन बाहेर पडले, कारण बिनफुलपाखरांचे माझ्या नंबरात नव्हते. सायकलची सीट पार खाली केली तरी पाय जमिनीला टेकेनात. आमच्या इन्स्टिट्यूटमधल्या बाथरूमचा आरसा अशा उंचीवर लावला होता की त्यात मला फक्त माझा भांग दिसायचा. पुढे या सगळ्याची सवय झाली आणि मी चिडायचंही सोडून दिलं. पण पिस्तूल घ्यायची वेळ आली तेव्हा तो साठलेला राग एकदम वर आला.

पिस्तूल म्हटलं की पुण्यातले लोक भुवया उंचावतात, म्हणून आधीच सांगून टाकते. ते खऱ्या गोळीचं नव्हतं. त्यातून मिरचीसारखा झोंबणारा वायू सुटतो, आवाज मात्र खऱ्यासारखा होतो, आणि दिसतंही ते हुबेहूब खरं. असलं पिस्तूल घरात ठेवायला माणूस सज्ञान असला की पुरतं. ते लपवून रस्त्यावर न्यायचं असेल तर मात्र ‘क्लायनर वाफेनशाइन’ लागतो, म्हणजे छोटा शस्त्रपरवाना. तो कायदा तेव्हा नवाच आला होता. नाव ऐकून मला वाटलं, चला, या देशात एक तरी वस्तू माझ्या मापाची निघाली.

मी आखनला डॉक्टरेट करत होते आणि नवरा फ्रँकफर्टला सॉफ्टवेअर कंपनीत होता. तो शुक्रवारी यायचा आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत जायचा. माझं सगळं काम एका यंत्रावर अडलेलं होतं. धातूच्या पट्ट्या त्यात अडकवायच्या आणि तुटेपर्यंत ताणायच्या, हे माझं संशोधन. माझ्या संसाराचंही तेच चाललंय, असं मी मैत्रिणींना सांगत असे. यंत्र एक आणि दावेदार अनेक. सकाळी ते सीनियर मंडळींकडे, आणि दुपारी उशिरा, सगळे घरी जायच्या बेतात असताना, माझ्याकडे. हिवाळ्यात आखनला तोवर काळोख झालेला असतो.

आमचं घर गावाच्या टोकाला. बसमधून उतरल्यावर एका बाजूला लोकांच्या भाजीपाल्याच्या छोट्या बागा, दुसऱ्या बाजूला कुंपण, आणि मधून चालत जायचा रस्ता. फेब्रुवारीत एका संध्याकाळी एक माणूस माझ्यामागून बसमधून उतरला. आधी त्याने किती वाजले विचारलं, मग नाव विचारलं, मग माझी बाही धरली ती सोडेचना. सगळा वेळ तो हसत होता. कोट नेहमीप्रमाणे माझ्या मापाचा नव्हता, दोन माणसं मावतील एवढा होता, म्हणून मी त्यातून खाली सटकले आणि स्वेटरवर धावत सुटले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कोट कुंपणावर नीट अडकवून ठेवलेला होता. त्या नीटपणाची मला जास्त भीती वाटली.

पोलिसांनी सभ्यपणे सगळं लिहून घेतलं. पुढे तो माणूस मला स्टॉपवर पुन्हा दिसला, नुसता उभा होता आणि हसत होता. मी संध्याकाळची पाळी सोडून दिली. प्रोफेसरांनी उन्हाळाभर समजून घेतलं आणि मग तितक्याच मऊ आवाजात सांगितलं की येत्या हिवाळ्यात मोजमापं पूर्ण झाली नाहीत तर माझी जागा त्यांना दुसऱ्याला द्यावी लागेल. नवरा म्हणाला, सोड ते सगळं, फ्रँकफर्टला ये, घरी बस निवांत. तो हे प्रेमाने म्हणाला, म्हणून मला जास्तच संताप आला. स्टॉपपासून घरापर्यंतचा तो एवढासा रस्ता मला एकटीला चालता आला तर माझी डॉक्टरेट होती, नाहीतर नव्हती.

लॅबमधल्या एका सहकाऱ्याने आधी स्प्रे सुचवला. त्यावर ‘फक्त हिंस्र जनावरांसाठी’ असं छापलेलं असतं आणि त्यामुळे त्याला परवाना लागत नाही. मी तो आणला, पण त्याचं झाकण माझ्या अंगठ्याने सरकेना, आणि सरकलं तेव्हा पिशवीत सरकलं. त्या दिवशीचा डबा कोणाला खाता आला नाही. मग मी परवान्यासाठी अर्ज केला. यथावकाश मी भरवशाची बाई असल्याचं सरकारने कळवलं आणि परवाना धाडला. नवऱ्याच्या मते माझा भरवसा ठरवताना सरकारने त्याचाही सल्ला घ्यायला हवा होता.

सासूबाई तेव्हा नुकत्याच पुण्याहून आल्या होत्या. आमच्या घरात त्यांच्याशिवाय कुठलीच खरेदी होत नाही. त्यांनी मुलाची पहिली मोटरसायकलसुद्धा स्वतः वर बसून पसंत केली होती. पिस्तूल घ्यायला चाललोय म्हटल्यावर त्या दचकतील असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त दुकान किती वाजता बंद होतं ते विचारलं आणि साडी बदलायला गेल्या.

दुकान शिकारी लोकांचं होतं. भिंतीवर हरणांची मुंडकी, काउंटरखाली झोपलेला एक आखूड पायांचा डाखशुंड कुत्रा, आणि काउंटरमागे गळ्यात चष्म्याची साखळी घातलेली भारदस्त मालकीणबाई. नवऱ्याने इंटरनेटवर बघून आधीच निवड करून ठेवली होती, एक काळंकुळकुळीत धूड. ते हातात घेऊन तो आरशात स्वतःला निरखू लागला. चेहरा एकदम गंभीर आणि पोट आत. मालकीणबाईंनी विचारलं, हे कोणासाठी आहे, आणि उत्तर ऐकल्यावर ते धूड त्याच्या हातातून काढून घेऊन माझ्या हातात दिलं.

मूठ पूर्ण बसली पाहिजे, त्या म्हणाल्या, आणि मनगट न वळवता बोटाचं पहिलं पेर घोड्यावर टेकलं पाहिजे. माझं बोट पोचत होतं, पण त्यासाठी सगळी मूठ फिरवावी लागत होती आणि नळी सासूबाईंच्या दिशेला जात होती. शिवाय पहिल्यांदा वरचा भाग मागे खेचावा लागतो, तो मला खेचता येईना. मी एका हाताने ओढलं, दोन्ही हातांनी ओढलं, शेवटी गुडघ्यात धरून ओढलं. नवरा ‘जोर लाव’ म्हणाला. हे वाक्य बोलून कुठल्याही नवऱ्याने आजवर काय मिळवलंय कोण जाणे.

मग त्याने कपाटातलं सगळ्यात चिमुकलं पिस्तूल दाखवलं. लहान हाताला लहान पिस्तूल, त्यात अवघड काय. मलाही ते पटलं होतं. हातात घेतलं तर करंगळी आणि अनामिका दोन्ही हवेत, धरायला जागाच नाही, आणि आतली स्प्रिंग मोठ्यापेक्षाही कडक. सगळे असंच फसतात, मालकीणबाई म्हणाल्या. हे त्या अगदी मायेने म्हणाल्या, पण मला बुटांवरची फुलपाखरं आठवली आणि डोळ्यात पाणी यायला लागलं. मी ते पिस्तूल जरा जोरातच काउंटरवर ठेवलं. डाखशुंड जागा झाला.

तोवर सासूबाई गप्प होत्या, कारण भाषा येत नव्हती. हरणांच्या मुंडक्यांवर धूळ बसलीय एवढंच त्या म्हणाल्या होत्या. आता त्यांनी पर्स माझ्याकडे दिली, पदर खोचला, आणि तुळशीबागेत लाटणं घेतात तशी काउंटरवरची शस्त्रं बघायला सुरुवात केली. लाटणं घेताना त्या त्याच्याकडे बघत नाहीत. डोळे मिटतात, हात सैल सोडतात, वस्तू उचलतात, एकदा तोलतात, आणि बोट फिरवून पाहतात. नको असेल तर विक्रेत्याकडे न बघता परत ठेवतात. त्या दिवशी त्यांनी पाच-सहा पिस्तुलं परत ठेवली. मालकीणबाई काउंटरवर कोपर टेकून बघत राहिल्या. मग सासूबाईंनी लाकडी मुठीचं एक आखूड रिव्हॉल्व्हर उचललं आणि डोळे उघडले.

“हे घे. याला मागे खेचायबिचायची भानगड नाही ना? विचार त्यांना.”

मी विचारलं. नव्हती. रिव्हॉल्व्हरला नुसता घोडा दाबायचा. सासूबाईंनी खात्रीसाठी दाबून पाहिला, खट्, खट्, खट्, आणि दाबता दाबता त्या मला त्या हरणांच्या धुळीबद्दलच काहीतरी सांगत होत्या. मग माझी पाळी. मूठ खरंच बसली. तिन्ही बोटं लाकडावर, पेर घोड्यावर, मनगट सरळ. जर्मनीत आल्यापासून पहिल्यांदा एक वस्तू माझ्या अंगाला आली होती. फक्त घोडा मला दाबला जाईना. तो भलताच जड होता.

“गेनाऊ,” म्हणजे ‘अगदी बरोबर’, मालकीणबाई म्हणाल्या, आणि सासूबाईंकडे हात करून पुढे बोलल्या की या बाईंना ते अगदी फिट आहे. नवऱ्याने विचारलं, मग परवाना आईच्या नावावर करता येतो का. मी त्याला तिथेच रागवणार होते, पण दुकानात एवढी शस्त्रं असताना ते बरं दिसलं नसतं. सासूबाई मात्र शांत होत्या. माप देवाने दिलेलं असतं, ते बदलत नाही, जोर करून येतो, असं त्यांचं म्हणणं पडलं. आम्ही ते रिव्हॉल्व्हर घेतलं, आणि घरी येताना वाटेत कणीकही घेतली.

त्यानंतर आमच्याकडे रोज ढीगभर पोळ्या होऊ लागल्या. कणीक घट्ट भिजवायची, पाणी कमी, आणि मळायची ती एकाच हाताने. कधी नारळ खवायचा, कधी चकलीचा सोऱ्या फिरवायचा. इन्स्टिट्यूटमध्ये, वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या जोडप्याला, बस ड्रायव्हरला, सगळ्यांना चकल्या मिळाल्या. माझ्या कोपरापर्यंतचा हात ठणकत असे. सासूबाई संध्याकाळी माझी तर्जनी दाबून बघायच्या आणि ‘अजून नाही’ म्हणायच्या.

दुसरा प्रश्न होता ठेवायचं कुठे. कोटाच्या बाहेरच्या खिशात ठेवलं तर कोट एका बाजूला लोंबायचा आणि सगळ्या बसला कळायचं की या बाईच्या खिशात काहीतरी आहे. कमरेला खोचलं तर बसमध्ये बसताना पोटात टोचायचं. पर्समध्ये ते डब्याखाली, छत्रीखाली आणि बसच्या पासाखाली जायचं. आधी डबा काढा, मग छत्री उघडा, तोवर त्या माणसाने थांबायचं, असं काही त्याला सांगता आलं नसतं. शेवटी सासूबाईंनी स्वतःसाठी आणलेला खणाचा एक तुकडा काढला आणि कोटाच्या आत डाव्या बाजूला तिरका खिसा शिवला. उजव्या हाताच्या हातमोज्याचं तर्जनीचं टोक कापून त्याला टीप घातली. जांभळ्या खणात रिव्हॉल्व्हर लपवणारी आखनमधली मी एकटीच असेन.

मग पॅसेजमध्ये तालीम. गुंडाचं काम सासूबाईंकडे. त्या मागून यायच्या, बाही धरायच्या, आणि मी वळून, खिशात हात घालून, रिकामं रिव्हॉल्व्हर बाहेर काढायचं. घोडा दाबायचा नाही, कारण नवी वस्तू पूजा झाल्याशिवाय वापरायची नसते. माझं काढणं त्यांना पसंत पडलं, पण आवाज अजिबात पसंत पडला नाही. ओरडायचं असतं तिथे तू विनंती करतेस, त्या म्हणाल्या. आवाज कसा लावायचा ते दाखवायला त्यांनी मला त्यांचं जुनं भांडण करून दाखवलं, दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याशी झालेलं. ते अथपासून इतिपर्यंत त्यांना पाठ होतं. रोज ऐकून ते मलाही पाठ झालं.

खंडेनवमीला त्यांनी पाटावर घरातली सगळी हत्यारं मांडली. विळी, पक्कड, नवऱ्याचा लॅपटॉप, सामानातून आणलेला मिक्सर, आणि मधोमध रिव्हॉल्व्हर. झेंडू मिळाले नव्हते, म्हणून मी सुपरमार्केटमधून पिवळी शेवंती आणली. ती त्या सुमारास लोक कबरींवर ठेवायला नेतात हे मी सासूबाईंना सांगितलं नाही. त्यांनी रिव्हॉल्व्हरला तेलाचं बोट लावलं, हळद लावली, कुंकू लावलं, फूल ठेवलं, आणि मूठभर अक्षता टाकल्या. हात जोडून काहीतरी पुटपुटल्या. मग मी ते फडक्याने वरवर पुसलं, त्यात काडतुसं भरली, आणि खणाच्या खिशात ठेवलं.

हिवाळ्यासाठी सगळ्या देशाची घड्याळं तासभर मागे गेली आणि अंधार लवकर पडायला लागला. मी संध्याकाळची पाळी परत घेतली. पहिल्या दिवशी बसमधून उतरते तर स्टॉपवर सासूबाई उभ्या. साडी, त्यावर मुलाचं जॅकेट, कानटोपी, आणि पायात माझे फुलपाखरांचे बूट, कारण त्यांचेही पाय माझ्याच मापाचे. कशाला आलात म्हटलं तर म्हणाल्या, पाय मोकळे करायला. त्यानंतर त्या रोज येऊ लागल्या. ड्रायव्हर त्यांना हात करायचा. त्या दिवसांत मला रिव्हॉल्व्हरची आठवणही राहिली नाही आणि पट्ट्या मात्र भराभर तुटल्या. मग त्यांचा व्हिसा संपला. फ्रँकफर्टच्या विमानतळावर त्यांनी निरोप घेताना माझ्या कोटावरून, डाव्या बाजूने, एकदा हात फिरवला आणि आत गेल्या.

डिसेंबरच्या सुरुवातीला तो माणूस पुन्हा माझ्यामागून उतरला. मी मागे न बघताच ओळखलं. तो म्हणाला, आलीस का परत, आणि त्याच बाहीला हात घातला. सगळं तालमीतल्यासारखं झालं. मी वळले, खणातून रिव्हॉल्व्हर सुळ्ळकन बाहेर आलं, मूठ बसली, पेर घोड्यावर, मनगट सरळ. सगळ्या पोळ्या आठवून मी घोडा दाबला आणि तो पार मागे गेला. पण आवाज झाला नाही. आत काहीतरी अर्धवट हललं आणि थांबलं. पुन्हा दाबला, तेच. त्या माणसाने त्या हळदीचे डाग पडलेल्या एवढ्याशा वस्तूकडे पाहिलं आणि तो मोठ्याने हसला.

मला त्या क्षणी भीती वाटली नाही असं मुळीच नाही. पण संताप भीतीच्या पुढे धावला. एवढी कणीक मळून, एवढ्या चकल्या वाटून, हेही माझ्या कामाचं नाही? माझ्या तोंडातून जे निघालं ते मराठीत निघालं, आणि ते माझं नव्हतं.

“दुधात पाणी घालतोस? मला आंधळी समजलास काय रे? परत या दारात दिसलास तर हेच भांडं डोक्यात घालीन!”

आवाज बागांच्या पलीकडे गेला असणार. मी थांबले नाही, कारण ते भांडण लांबलचक आहे. म्हशीचा उद्धार झाला, मापट्याचा झाला, त्याच्या बापाच्या काळच्या दुधाचा झाला, आणि प्रत्येक वाक्याला मी एक पाऊल पुढे टाकत होते. त्याने बाही कधी सोडली ते मला कळलं नाही. तो मागे सरकत होता. एका बागेतल्या खोपटात दिवा लागला आणि एक आजोबा दाताळं घेऊन बाहेर आले. त्यांनी त्या माणसाचा चेहरा नीट पाहिला, मग तो पळाला. आजोबा त्याला ओळखत होते, कुठे राहतो तेही त्यांना ठाऊक होतं. या वेळी पोलिसांकडे साक्षीदार होता आणि तो माणूस त्या स्टॉपवर पुन्हा दिसला नाही. आजोबांनी मला घराच्या दारापर्यंत सोडलं. आत आल्यावर मी जमिनीवर बसून रडले.

शनिवारी मी तणतणत त्या दुकानात गेले. मालकीणबाईंनी रिव्हॉल्व्हर रिकामं केलं, घोडा दाबला, आणि दिव्याखाली धरून बघितलं. मग एक बारीक चिमटा घेतला. हातोडी जिथे पडते त्या फटीतून त्यांनी तेलाने फुगलेला, लालपिवळा असा तांदळाचा एक दाणा काढला आणि टिशूवर ठेवला. त्याच्यामागून आणखी एक निघाला. हे पाप्रिका, म्हणजे तिखट, आहे का, त्यांनी विचारलं. मी त्यांना खंडेनवमी समजावून सांगायला लागले आणि अर्ध्यावर मला हसू फुटलं ते आवरेना. हे कधीच उडालं नसतं, त्या म्हणाल्या, त्या पूजेपासून तुम्ही खिशात लाकूड घेऊन फिरत होता.

सोमवारी फोनवर सासूबाईंना न सांगण्याचं मी ठरवलं होतं, आणि पहिल्या पाच मिनिटांत सगळं सांगून टाकलं. माणूस, गवळी, आजोबा, तांदूळ. मला वाटलं होतं त्या हसतील.

“अक्षता मीच टाकल्या गं,” त्या म्हणाल्या. आवाज एवढासा झाला होता. “तुझं काही झालं असतं म्हणजे?”

मी म्हटलं, अहो आई, ते उडालं असतं तर वारा माझ्याच तोंडावर होता. आणि तुम्ही गेल्यापासून मी रोज घाबरत उतरत होते, तसं त्या दिवसानंतर एकदाही नाही. हे खरं होतं. त्यांना ते पटलं की नाही कळलं नाही, कारण त्यांनी नाक पुसलं आणि विषय बदलला. कणीक अजून मळतेस का, थंडी किती आहे, नवऱ्याने पहाटे डबा नेला का.

“उद्या संध्याकाळची पाळी आहे?” त्यांनी फोन ठेवता ठेवता विचारलं.

“आहे.”

“मग जा,” त्या म्हणाल्या. “आणि उतरल्यावर मला मिस्ड कॉल दे. मी जागी असते.”